काप्री : बेटाचं किती, बोटीचं किती

नेपल्सच्या आखाताच्या तोंडाशी असलेलं काप्री बेट जेमतेम दहा चौरस किलोमीटरचं आहे. नदी नाही, कारखाने नाहीत, डोळ्यांत भरेल अशी शेती नाही. पिण्याचं पाणीसुद्धा मुख्य भूमीवरून समुद्राखालच्या नळातून येतं. जून २०२४ मध्ये त्या बाजूला पाणीपुरवठ्यात बिघाड झाला, तेव्हा महापौरांनी पर्यटकांना उतरायलाच मनाई केली आणि वाटेत असलेल्या बोटींना परत फिरावं लागलं. मनाई त्याच दिवशी उठली. पण ज्या बेटाला स्वतःचं पाणी पुरत नाही, तिथे युरोपातल्या सगळ्यात महागड्या दुकानगल्ल्यांपैकी एक आहे, ही गंमत त्या दिवशी चांगलीच उघडी पडली.

मग तिथे विकलं जातं त्यातलं बेटाचं किती आणि बोटीने आलेलं किती? काप्रीत काहीही घेताना हा एक प्रश्न मनात ठेवला, तर पैसे तर वाचतातच, शिवाय बेटही बरंच समजतं.

सुरुवात वाहतुकीपासून करू, कारण किमतीचं मूळ तिथे आहे. बोट लागते ती मरिना ग्रांदे या बंदरात. काप्री गाव त्याच्या वर डोंगराच्या खांद्यावर, आणि अनाकाप्री त्याहून उंच, कड्याच्या पलीकडे. १८७० च्या दशकात रस्ता होईपर्यंत अनाकाप्रीला चढायला कड्यात खोदलेल्या ९२१ पायऱ्या एवढाच मार्ग होता. लाकूड, पीठ, पाण्याचे हंडे, पाहुण्यांच्या ट्रंका, सगळं डोक्यावरून वर जायचं, आणि ते नेणाऱ्या बहुतेक बायका असायच्या. १९०७ मध्ये बंदरापासून काप्री गावापर्यंत केबलने ओढली जाणारी छोटी रेल्वे सुरू झाली, ती आजही चालते. ती जिथे सोडते तिथून गाव सुरू होतं आणि मोटार संपते. पुढच्या गल्ल्या इतक्या अरुंद की माल विजेवर चालणाऱ्या चिंचोळ्या गाड्यांतून फिरतो. पाण्याची बाटली असो की झुंबर, आधी बोट, मग चढ, मग ही गाडी असा तिचा प्रवास झालेला असतो. त्यात दुकानं साधारण वसंतापासून ऑक्टोबरपर्यंतच जोरात चालतात. हिवाळ्यात बहुतेकांची शटर खाली असतात, म्हणजे बारा महिन्यांचं भाडं सात महिन्यांत वसूल व्हायला हवं. भाव ऐकून भुवया उंचावण्याआधी हा हिशेब आठवावा.

गावाची मांडणीही दुकानदाराच्या सोयीची आहे. रेल्वेतून बाहेर पडलं की चार पावलांवर पियात्सेत्ता, म्हणजे कॉफीच्या टेबलांनी भरलेला छोटासा चौक. तिथून व्हिया व्हित्तोरियो एमानुएले हा उतार क्विसिसाना हॉटेलपाशी पोचतो. हे हॉटेल एकोणिसाव्या शतकात एका ब्रिटिश डॉक्टरने आरोग्यधाम म्हणून उभारलं होतं. आता तिथे राहायला तब्येतीपेक्षा पाकीट ठणठणीत लागतं. हॉटेलच्या पुढ्यातून व्हिया कामेरेल्ले सुरू होते, आणि जगातल्या नामांकित फॅशन कंपन्या तिथे खांद्याला खांदा लावून बसल्या आहेत. इथे घेतलेली पर्स मिलानमध्येही मिळते, दुबईतही मिळते. बेटाचा तिच्याशी संबंध फक्त पिशवीपुरता. त्यामुळे या गल्लीतून आरामात हिंडावं, काचांमधली सजावट बघावी (ती खरोखर बघण्यासारखी असते) आणि पुढे व्हावं.

या गल्लीला हे रूप यायला फार काळ लागलेला नाही. रोमन सम्राट ऑगस्टसने इसवी सनापूर्वी २९ मध्ये नेपल्सकरांना मोठं, सुपीक इस्किया बेट देऊन बदल्यात हे खडकाळ काप्री घेतलं, आणि त्याच्यामागून आलेला तिबेरियस तर आयुष्याची शेवटची वर्षं इथेच राहून साम्राज्य चालवत होता. पण नंतर अनेक शतकं काप्री म्हणजे कोळ्यांचं गाव होतं. १८२६ मध्ये आउगुस्ट कोपिश या जर्मन चित्रकाराने बेटावरची निळी गुहा जगापुढे आणली आणि चित्रकार, लेखक, क्षयरोगी, श्रीमंत असे सगळे यायला लागले. खरा बाजार मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचा. एमिलिओ पुच्ची हा फ्लॉरेन्सचा उमराव, इटलीच्या संघाबरोबर हिवाळी ऑलिंपिकला गेलेला स्कीइंगवाला गडी. त्याने १९५० च्या सुमारास इथे कपड्यांचं दुकान थाटलं आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या सुट्टीचे रंगीबेरंगी कपडे ही फॅशनच झाली. घोट्याच्या वर संपणाऱ्या ज्या विजारीला जग ‘काप्री’ म्हणतं, ती १९४८ मध्ये सोन्या दे लेनार्ट या जर्मन महिलेने शिवली. बेटाने विजारीला नाव दिलं आणि विजारीने बेटाला गिऱ्हाईक.

आता बेटावरच तयार होणाऱ्या वस्तूंकडे वळू. पहिला मान चपलेचा.

काप्रीची चप्पल म्हणजे सपाट तळ, अंगठ्याजवळून जाणारा पट्टा, कधी घोट्याला वेढा, आणि हवे असतील तर खडे किंवा मणी. दुकानात शिरलं की भिंतीवर तयार जोड टांगलेले दिसतात, पण ते मुख्यतः नमुन्यादाखल. आधी तळ निवडायचा, मग पट्टे, मग बक्कल. कारागीर बसक्या स्टुलावर, तुम्ही समोर खुर्चीवर. तो तुमचं पाऊल तळावर ठेवून घेतो, पट्टा पायावरून फिरवून बघतो, कुठे भोक पाडायचं तिथे खूण करतो. मग चामड्याला चीर पाडून पट्ट्याचं टोक आत ओवायचं, पुन्हा पाय घालून बघायचं, घट्ट झालं तर सैल करायचं. मापात बसल्यावर पट्ट्याची टोकं दोन तळांच्या मधे चिकटवून हातोडीने ठोकली जातात आणि कडा रापीसारख्या धारदार पात्याने तासली जातात. साधा जोड एका बैठकीत होतो. किंमत शंभर युरोच्या घरात सुरू होते आणि खड्यांबरोबर वर चढत जाते.

यातली खरी मेख पट्ट्याची टोकं ठोकण्याआधीच्या त्या चार-पाच मिनिटांत आहे. माणसाचे दोन्ही पाय सारखे नसतात. एकाचा पंजा थोडा रुंद, एकाची कमान उंच. कारखान्याला हे परवडत नाही, स्टुलावरच्या माणसाला परवडतं. चामडं बहुधा बोटीने येतं, बकलं आणि खडे नक्कीच बाहेरचे. तरी ही चप्पल बेटाची म्हणायची, कारण ती तुमच्या पायावर इथे बसून जुळवलेली असते. म्हणून तयार जोड उचलून निघणाऱ्यांचं मला नवल वाटतं. तेवढ्यासाठी इतक्या लांब कशाला यायचं?

क्विसिसानासमोरचं कान्फोरा हे दुकान आमेदेओ कान्फोराने १९४६ मध्ये सुरू केलं. जॅकलीन केनेडी तिथल्या गिऱ्हाईक होत्या आणि त्यांच्यावरून एका नमुन्याला ‘के’ हे नाव पडलं. अनाकाप्रीतही जुने कारागीर आहेत. तिथे गर्दी कमी, आणि काम करणारा माणूस बोलायला मोकळा असतो.

मराठी वाचकाला इथे कोल्हापुरी आठवणारच, आणि ती आठवण उगीच नाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या पुरुष फॅशन शोमध्ये प्रादा या इटालियन कंपनीने हुबेहूब कोल्हापुरी वाटणाऱ्या चपला दाखवल्या, त्याही कोल्हापूरचं नाव न घेता. इकडे ओरड झाल्यावर कंपनीने मूळ प्रेरणा मान्य केली, तिची माणसं कोल्हापूरला येऊन गेली, आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन सुमारे २,००० जोड इथल्या कारागिरांकडून बनवून घ्यायचं ठरलं. एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. काप्रीच्या चपलेचं मोल मात्र दुसऱ्याच गोष्टीवर उभं आहे. तिथे दुकानावर पाटी कारागिराच्या घराण्याची असते, आणि चप्पल ज्याने ठोकली त्यालाच पैसे मोजले जातात. आपल्याकडे कोल्हापुरी विकणाऱ्याचं नाव सगळ्यांना ठाऊक, ती शिवणाऱ्याचं क्वचितच कुणाला. कौशल्य कुणाचं कमी म्हणून हा फरक पडलेला नाही. गिऱ्हाईक आणि कारागीर यांच्यामधे किती माणसं उभी आहेत, यावर तो ठरतो.

लिंबाचा मामला थोडा गुंतागुंतीचा. बेटावर आणि समोरच्या सोरेंतोच्या किनाऱ्यावर जाड, सुगंधी सालीची लिंबं पिकतात. ‘सोरेंतोचं लिंबू’ या युरोपीय मानांकनाच्या हद्दीत काप्री आणि अनाकाप्री दोन्ही येतात. या लिंबाच्या सालीपासून लिमोंचेल्लो बनतं. फक्त पिवळी साल पातळ सोलून घ्यायची, कारण खालचा पांढरा भाग कडू असतो. ती शुद्ध अल्कोहोलमध्ये काही दिवस भिजवायची, रंग आणि तेल उतरलं की गाळायचं, साखरेचा पाक मिसळायचा आणि बर्फगार करून जेवणानंतर छोट्या पेल्यातून प्यायचं. हे पेय पहिलं कुणाचं, यावर काप्री, सोरेंतो आणि आमाल्फी या तिघांचं भांडण आहे. काप्रीची बाजू अशी, की इथल्या एका खानावळीत मारिया अंतोनिया फाराचे ही बाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते पाहुण्यांना द्यायची, आणि तिच्याच घराण्यातल्या मास्सिमो कानालेने १९८८ मध्ये नावाची नोंदणी केली. सालीचा अर्क काढणं ही घराघरातली रीत असणार, त्यामुळे या भांडणाचा निकाल लागेल असं वाटत नाही. व्यापारी नाव म्हणून नोंदणी करायचं पहिल्यांदा कुणाला सुचलं, एवढंच काय ते सांगता येतं.

विकत घेताना बाटलीच्या आकारावर जाऊ नये. इटलीच्या नकाशाच्या, बुटाच्या, गिटारच्या आकाराच्या बाटल्यांत बहुधा सगळा खर्च काचेवर झालेला असतो. मागच्या बाजूचं बारीक अक्षर वाचावं. घटकांत लिंबाच्या सालीचा अर्क, अल्कोहोल, साखर आणि पाणी एवढंच असेल तर उत्तम. ‘आरोमी’ म्हणजे वरून घातलेला सुगंध आणि ‘कोलोरांती’ म्हणजे रंग. हे दोन शब्द दिसले की बाटली परत फळीवर ठेवावी. खरं लिमोंचेल्लो थोडं गढूळ आणि फिकट असतं. रस्त्याच्या दिव्यासारखं चमकणारं पिवळं बघून हुरळून जाऊ नये. विमानात हातातल्या बॅगेतून बाटली बहुतेक ठिकाणी नेता येत नाही, हे तर ठाऊक असेलच.

अत्तराची गोष्ट मात्र ऐकायला फारच गोड आहे. सन १३८० मध्ये नेपल्सची राणी जोआना अचानक बेटावर येणार म्हणून सान जाकोमो मठाच्या प्रमुखाने बेटावरची फुलं गोळा करून गुच्छ केला. तीन दिवस फुलदाणीचं पाणी बदललं नाही, आणि नंतर पाहतो तो पाण्याला अनोखा सुगंध. हेच काप्रीचं पहिलं अत्तर. पुढे १९४८ मध्ये मठप्रमुखाला जुनी सूत्रं सापडली, पोपच्या परवानगीने ती एका रसायनशास्त्रज्ञाला दिली गेली, आणि कार्तुझिया ही कंपनी निघाली. मठ खरा आहे. राणीचा सचिव जाकोमो आर्कुच्ची याने तो १३७१ मध्ये उभारला. राणी येऊन गेली असणं अगदी शक्य. पण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच अमलात मठ बंद झाला, भिक्षू गेले, आणि वास्तूचा उपयोग तुरुंगासारख्या कामांना झाला. मधल्या शतकाहून जास्त काळात ती सूत्रं कुठे होती, हे विचारायला कुणी थांबत नाही. आणि तीन दिवसांच्या शिळ्या फुलदाणीचा वास आपल्याही परिचयाचा आहे! तरीही हे अत्तर बेटावर घेण्यात अर्थ आहे. मठाशेजारीच कार्तुझियाचं दुकान आणि प्रयोगशाळा आहे, आणि लिंबाच्या पानांचे, अंजिराचे, रानफुलांचे वास मनगटावर लावून सावकाश निवडता येतात. कथेला वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत, असं मात्र समजू नये.

दागिन्यांत शांतेक्लेर या पेढीची घंटा प्रसिद्ध. तिचा संस्थापक पिएत्रो कापुआनो याने १९४४ मध्ये अशी घंटा अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना भेट पाठवली, आणि तेव्हापासून छोट्या घंटेचं लॉकेट हा बेटाचा शुभशकुन झाला. सोन्यातली परवडली नाही तर चौकात मातीची मिळते. रंगीत मातीची भांडी आणि फरशा मात्र बऱ्याचदा आमाल्फी किनाऱ्यावरच्या व्हिएत्री गावाकडच्या. छान असतात, पण त्यासाठी काप्रीचं भाडं मोजायचं कारण नाही.

पण सराफाच्या काचेत जे लालभडक चमकतं, तिथे थबकावं. ते पोवळं. आपल्याकडे मंगळासाठी अंगठीत घालायला सांगतात आणि सराफ ‘इटालियन आहे’ असं आवर्जून म्हणतो, तेच. तो इटालियन भाग बहुतेकदा याच आखाताच्या काठचा. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याशी तोर्रे देल ग्रेको नावाचं गाव आहे. तिथे कित्येक पिढ्या पोवळं काढण्याचा आणि कोरण्याचा धंदा चालत आला, १८७८ मध्ये त्याचं शिक्षण देणारी शाळाही निघाली. काप्रीतलं पोवळं समोरच्या त्या किनाऱ्यावरून येतं.

भारताशी याचं नातं तर दोन हजार वर्षांचं. थोरला प्लिनी हा रोमन लेखक याच आखातातल्या मिझेनुमच्या आरमाराचा प्रमुख होता आणि इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात तो मेला. त्याने लिहून ठेवलं आहे, की रोमन बायकांना जसं हिंदी मोत्यांचं, तसं हिंदी लोकांना पोवळ्याचं अप्रूप. त्याच शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी वृत्तांतात भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत पोवळं आहे. पुढे अठराव्या शतकात इटलीच्या लिव्होर्नो बंदरातले ज्यू व्यापारी भूमध्य समुद्रातलं पोवळं गोव्याला पाठवत आणि बदल्यात हिरे मागवत. गोव्यात त्यांचा व्यवहार सांभाळत ते सारस्वत व्यापारी. धर्म वेगळा, भाषा वेगळी, एकमेकांची तोंडंही पाहिलेली नाहीत. सगळा भरवसा पोर्तुगीज भाषेतल्या पत्रांवर. फ्रान्चेस्का त्रिव्हेल्लातो या इतिहासकार बाईंनी ती पत्रं धुंडाळून यावर मोठा ग्रंथ लिहिला आहे. त्यामुळे काप्रीच्या सराफाकडे पोवळं न्याहाळणारं मराठी गिऱ्हाईक काही तिथे नवखं नाही, फक्त आता ते स्वतः बोटीने आलं आहे.

पोवळं दगड नव्हे, समुद्रातल्या सूक्ष्म जिवांनी बांधलेला सांगाडा. भूमध्य समुद्रातल्या लाल पोवळ्याच्या फांदीची जाडी वर्षाला अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी वाढते, म्हणजे अंगठीतला जाडसर खडा कित्येक दशकांचा असतो. उपसा फार झाला, म्हणून २०११ पासून ५० मीटरपेक्षा कमी खोलीवर ते काढायला बंदी आहे, आणि तोर्रे देल ग्रेकोचे कारागीर बराचसा कच्चा माल जपान आणि तैवानकडून आणतात. म्हणून दुकानदाराला दोन वेगळे प्रश्न विचारावेत : कोरलं कुठे, आणि निघालं कुठल्या समुद्रातून? ओळखीची एक सोपी खूण म्हणजे मणी उलटा करून पाहणं. पॅसिफिकच्या बऱ्याच पोवळ्यांच्या गाभ्यात पांढरा ठिपका किंवा रेघ असते आणि कारागीर ती बाजू मागे वळवतो. भूमध्य समुद्रातलं पोवळं सहसा आतूनही लाल. पॅसिफिकचा मालही खराच असतो, पण भाव ठरवताना हे माहीत असावं. रंगवलेलं स्वस्त पोवळं वेगळंच. त्याच्यावरच्या रेघा भिंगाविना दिसण्याइतक्या ठळक असतात आणि ॲसिटोन लावलेल्या कापसावर रंग उतरतो. दृष्ट लागू नये म्हणून विकली जाणारी लाल मिरचीसारखी शिंगं तर ठेल्यांवर बहुतेक प्लास्टिकची असतात. दृष्टीला चालत असेल तर हरकत नाही.

वेळेचं गणित सांगायला हवं. नेपल्सहून जलद बोट पाऊण-एक तासात, सोरेंतोहून साधारण अर्ध्या तासात पोचते. सकाळी आलेले प्रवासी संध्याकाळच्या बोटीने परततात, त्यामुळे दुपारी चौकातून वाट काढणं मुश्कील. त्या वेळी बस पकडून अनाकाप्रीला जावं आणि काप्री गावात संध्याकाळी, दिवसाची गर्दी बंदराकडे उतरल्यावर हिंडावं. चप्पल मापाने करून घ्यायची असेल तर ऑर्डर आधी द्यावी, भटकंती नंतर. शेवटच्या बोटीच्या घाईत ठोकलेला पट्टा पुढे चावतो.

मोठ्या कंपन्यांच्या नकली पर्सा मुख्य भूमीवरच्या बंदरांजवळ चादरीवर मांडलेल्या दिसतात. त्या घ्यायच्या भानगडीत पडू नये. इटलीत नकली माल विकणाऱ्याबरोबर घेणाऱ्यालाही दंड होतो आणि तो ७,००० युरोपर्यंत जाऊ शकतो. याउलट हक्काचे पैसे सोडू नयेत. इटलीत बहुतेक वस्तूंवर २२ टक्के मूल्यवर्धित कर किमतीतच धरलेला असतो, आणि युरोपियन युनियनबाहेर राहणाऱ्याला तो परत मागता येतो. फेब्रुवारी २०२४ पासून त्यासाठी एका दुकानात ७० युरोच्या वर खरेदी पुरते. आधी ही मर्यादा जवळजवळ १५५ युरो होती. म्हणजे आता एक चपलेचा जोडही यात बसतो. पैसे देण्याआधी पासपोर्ट दाखवून करपरतीचा कागद मागायचा, वस्तू न वापरता ठेवायची, आणि विमानतळावर सामान आत सोडण्यापूर्वी कस्टमकडून तो मंजूर करून घ्यायचा. मधली कंपनी आपलं कमिशन कापते, त्यामुळे हातात २२ टक्के येत नाहीत. आणि पोवळ्याचा दागिना असेल तर पावती बॅगेत न टाकता जवळ ठेवावी. ती मुंबईत उतरल्यावरही लागू शकते.